तपकिरी माशीमारांनी डोकं फिरवलंय! सिंहगड व्हॅलीतला हा नक्की कोण?

भिजकी_वही

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रविवारी सिंहगड व्हॅलीत गेलो होतो, मी आणि नवरा. नवऱ्याचं काम थर्मास धरणं आणि दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारणं. आतकरवाडीच्या बाजूने साडेसहाला आत शिरलो, ऑक्टोबर संपत आलाय म्हणजे हिमालयातली मंडळी खाली उतरली असणार या आशेवर. आणि उतरली होती की! ओढ्याच्या कडेने दीड तासात चार वेगवेगळे फ्लायकॅचर, म्हणजे माशीमार, दिसले. म्हणजे तेव्हा चार वाटले, आता घरी फोटो बघतेय तर दोन होते का सहा तेच कळेना.

पहिला, पाठ निळी छाती नारिंगी. मी लगेच वहीत "टिकेल" (टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर) लिहून मोकळी, कारण टिकेल आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर पण असतो, त्याचं ते किणकिणतं गाणं पाठ झालंय. घरी येऊन झूम केलं तर गळा निळा! हनुवटीपासून खाली निळा आणि मग नारिंगी सुरू. आता?

दुसरा मात्र खरा वैताग. तपकिरी. ओढ्यावर आडव्या आलेल्या वेलीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गच्च सावलीत, वीसेक सेकंद बसला आणि गेला. अकरा फोटो काढले त्यातले तीन बरे. फोटो १ मध्ये चेहरा छान आहे पण पाय पानामागे. फोटो २ समोरून आहे पण हललाय. फोटो ३ एकदम शार्प, फक्त पाठमोरा :(

मी आपलं एशियन ब्राऊन फ्लायकॅचर म्हणून ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकलं, तर तिथे याद्या तपासणाऱ्या कुणाचा तरी मेल आला, अगदी नम्रपणे, की "पायांचा रंग पाहिलात का?" पाय?? एवढासा पक्षी, सावलीत, आणि मी पाय बघू?

---

चिमणी_ओळखते_फक्त

मला तिन्ही फोटोत चिमणी दिसतेय. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

आयएसओ_६४००

निळ्याचं उत्तर सोपं आहे, ब्लू-थ्रोटेड ब्लू फ्लायकॅचर. निळा गळा म्हणजे तोच, विषय संपला.

तपकिरीबद्दल, फोटो १ ला माझं मत एशियन ब्राऊन. पांढरं कडं डोळ्याभोवती, मोठे डोळे. ९० टक्के.

---

जुनी_दुर्बीण

विषय इतक्यात संपवू नका हो :)

आधी निळा. टिकेलचा नर दाट सावलीत बसला आणि उजेड वरून असला की त्याच्या चोचीखाली सावली पडते आणि गळा काळपट निळा दिसतो. मी स्वतः ठाण्याजवळ येऊरला एका टिकेलला पूर्ण सकाळभर निळ्या गळ्याचा म्हणून चार जणांना दाखवलाय, पाचव्याने विचारलं "काका, मग हा टिकेलचं गाणं का म्हणतोय?" तर सावलीला कड नसते, ती हळूहळू विरते. खऱ्या निळ्या गळ्याला खाली स्पष्ट रेघ असते, तिथे निळा संपतो आणि नारिंगी सुरू होतो. भिजकी_वही, तुमच्या फोटोत ती कड दिसतेय, दोन्ही बाजूंनी दिसतेय, म्हणून माझंही मत ब्लू-थ्रोटेडच. अजून एक बघा, टिकेलची नारिंगी छाती आणि पांढरं पोट यांच्यात कशी चाकूने कापल्यासारखी सीमा असते, तुमच्या पक्ष्यात ती कडेकडेला मिसळत गेलीय. आणि टिकेल बारा महिने आपला, हा हिमालयात घरटी करतो आणि हिवाळ्याला आपल्या घाटात आणि खाली श्रीलंकेपर्यंत जातो, ऑक्टोबरअखेर सिंहगडला असणं अगदी वेळेवर.

आता तपकिरी. मेल पाठवणाऱ्याने नेमका प्रश्न विचारलाय. तपकिरी माशीमार दिसला की आपण सगळे पहिल्यांदा डोळ्याभोवतीचं कडं बघतो कारण ते उठून दिसतं, आणि नेमकं तेच निरुपयोगी, कारण ते एशियन ब्राऊनला आहे तसं ब्राऊन-ब्रेस्टेडला पण आहे. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो खालून वर बघत या. पाय, मग छाती, मग खालची चोच, मग चेहरा, आणि उडताना शेपटी.

एशियन ब्राऊनचे पाय काळे. ब्राऊन-ब्रेस्टेडचे फिकट, पिवळसर मांसल रंगाचे. एशियन ब्राऊनची खालची चोच मुळाशी पिवळी आणि पुढे टोकाकडे काळी, ब्राऊन-ब्रेस्टेडची खालची चोच जवळजवळ सगळीच पिवळी. एशियन ब्राऊनची छाती मळकट पांढरी, कुणी राखेचा हात पुसल्यासारखी. दुसऱ्याच्या छातीवर तपकिरी पट्टा असतो आणि त्यामुळे वरचा गळा पांढरा उठून दिसतो, शिवाय चोचीच्या कोपऱ्यातून खाली गळ्याकडे जाणारी एक बारीक गडद रेघ, मिशीसारखी. पंखांच्या पिसांच्या कडा आणि शेपटी जरा तांबूस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही न विचारता सांगितलंत. गुडघ्याएवढ्या उंचीवर, गच्च सावलीत. एशियन ब्राऊनला मधल्या उंचीची मोकळी फांदी लागते, तिथून झेप घेतो किडा पकडतो आणि परत त्याच फांदीवर. ब्राऊन-ब्रेस्टेड लाजरा, झुडपांच्या आत. म्हणून माझा संशय ब्राऊन-ब्रेस्टेडवर, पण संशयच. फोटो १ मध्ये खालच्या चोचीचं टोक कापलं गेलंय, नाहीतर बोलता आलं असतं.

---

भिजकी_वही

बाप रे. काका, मी हे प्रिंट काढून वहीत चिकटवणार आहे.

---

आयएसओ_६४००

काकांबद्दल आदर आहेच पण पायांच्या रंगावर एवढा भरवसा मला पटत नाही. सावलीत ऑटो व्हाइट बॅलन्स काय वाटेल ते करतो, हिरव्या पानांखाली सगळंच पिवळट हिरवं येतं, मग काळे पाय पण चॉकलेटी दिसतात. त्यात चिखल. माझ्याकडे एकाच एशियन ब्राऊनचे दोन फोटो आहेत, एकात पाय काळे, एकात तपकिरी, मध्ये फक्त ढग सरकला. आणि जागेचं म्हणाल तर स्थलांतर करून दमून आलेला पक्षी मिळेल तिथे बसतो, त्याने कुठे आपली पुस्तकं वाचलीत.

---

जुनी_दुर्बीण

ढगाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून पायाचा रंग कधी एकटा बघू नये, त्याच फोटोतल्या वरच्या चोचीशी ताडून बघावा. वरची चोच दोघांचीही गडद असते, आणि उजेड दोघांवर सारखाच पडलेला असतो. पाय चोचीइतकेच गडद दिसले तर एशियन ब्राऊन. चोच काळी आणि पाय फिकट, तर कॅमेऱ्याला दोष देता येत नाही.

---

आयएसओ_६४००

हे आवडलं. हे मी कधी केलं नव्हतं. आत्ता माझे ते दोन्ही फोटो उघडून बघितले, दोन्हीत पाय आणि चोच सारख्याच रंगाचे आहेत. ठीक आहे, मागे घेतो.

---

संत्री_मोसंबी

धागा हायजॅक करतोय, माफी असावी, पण आमच्या नागपूरकडची पण एक कटकट आहे. लाल छातीचा आणि तैगा. काहून की आमच्या इकडे दोन्ही येतात ना बापा! गोरेवाड्याला दर हिवाळ्यात एकच वाद, फांदीवर बसलेला तो शेपटी वर करून ट्र्र्र करणारा, कुणी म्हणतो रेड-ब्रेस्टेड कुणी म्हणतो तैगा, आणि दहातले आठ तर मादी नाहीतर पिल्लं असतात ज्यांना लाल काहीच नसतं. तुमच्या पुण्या-मुंबईला बरं आहे, डोळे मिटून रेड-ब्रेस्टेड लिहा.

---

जुनी_दुर्बीण

डोळे मिटून आम्हीही लिहू नये खरं तर, पण हो, पश्चिमेला बहुतेक रेड-ब्रेस्टेडच, पूर्वेकडे जाल तसा तैगा वाढतो आणि विदर्भ मधोमध. पूर्वी दोघे एकच जात धरायचे, म्हणून जुन्या वह्यांमधल्या नोंदींचा काही उपयोग नाही.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं दोघांनाही असतं, त्यावर वेळ घालवू नका. तीन गोष्टी बघा. चोच, तैगाची पूर्ण काळी, रेड-ब्रेस्टेडची खालून मुळाशी फिकट. मग शेपटी जिथे सुरू होते तिथली वरची झाकणारी पिसं, तैगाची ती कोळशासारखी काळी, शेपटीपेक्षाही काळी, आणि रेड-ब्रेस्टेडची शेपटीइतकी किंवा तिच्याहून फिकट. यासाठी पक्षी पाठमोरा हवा, म्हणजे भिजकी_वही यांना बरोबर घेऊन जा :) तिसरं, अंगाचा एकूण रंग, रेड-ब्रेस्टेड खालून सायीसारखा पिवळट, तैगा थंड राखाडी.

नर असेल तर रेड-ब्रेस्टेडचं नारिंगी गळ्यावरून छातीवर उतरतं. तैगाचं गळ्यापुरतंच आणि त्याखाली राखाडी पट्टा. शिवाय तैगाचा नर हिवाळ्यात बहुधा तो रंग टाकून देतो आणि परतायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चला परत चढवतो. रेड-ब्रेस्टेडचा मोठा नर वर्षभर मिरवतो, पण त्याच्या तरुण पोरांना तो रंग यायला दोन-दोन वर्षं लागतात. म्हणजे डिसेंबरात ठसठशीत नारिंगी दिसला तर आधी रेड-ब्रेस्टेडचा विचार करा. आधी विचार करा म्हणतोय, लिहून टाका म्हणत नाहीये.

---

घाटमाथा_९

आवाज राहिला काका! मला तर आवाजच सगळ्यात सोपा वाटतो. रेड-ब्रेस्टेडचा ट्र्र्र जरा सावकाश, जुन्या सायकलला उतारावर सोडून दिल्यावर फ्रीव्हीलचा येतो तसा, टक टक वेगवेगळे ऐकू येतात. तैगाचा इतका भराभर की एकच कोरडी किरकिर वाटते, रातकिड्याच्या जवळची. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी सावकाश ऐका.

---

संत्री_मोसंबी

सायकलचं जमलं! ते काळं बूड बघायला मात्र आता शनिवारी जातो. आणि जमलंच नाही तर?

---

घाटमाथा_९

तर ईबर्डवर दोघांचा मिळून एक जोड पर्याय आहे, तो निवडायचा आणि पोहे खायला जायचं.

---

फणसाचो_गरो

आमच्याकडे आंबोलीत नरांचा प्रश्न नाय, बायकांचा आहे :) तीन निळ्यांच्या माद्या. टिकेल, ब्लू-थ्रोटेड, आणि आमचा खास घाटाचा व्हाइट-बेलीड ब्लू, जो जगात फक्त पश्चिम घाटात आहे. त्याचा नर ओळखणं म्हणजे काहीच नाही, गळा छाती सगळी गडद निळी, पोट पांढरं, नारिंगीचा टिपूस नाही. पण माद्या तिन्ही नारिंगी छातीच्या, आणि बाहेरून येणारे लोक सरसकट "टिकेल फीमेल" म्हणून पुढे जातात आणि घाटाचा खास पक्षी बघून पण न बघितल्यासारखा होतो, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

माझी पद्धत अशी की छातीकडे बघायचंच नाही, शेपटी बघायची. टिकेलच्या मादीच्या शेपटीत आणि पंखात निळसर राखाडी झाक असते, कितीही फिकट असली तरी निळं आहे म्हणता येतं. बाकी दोघींना वर निळं नाहीच. मग ह्या दोघींत चेहरा बघायचा. व्हाइट-बेलीडच्या मादीचं डोकं राखाडी, डोळा आणि चोच यांच्या मधली जागा पांढुरकी, गळा-छाती चांगली गडद नारिंगी, आणि शेपटी तांबूस लाल. ब्लू-थ्रोटेडची मादी सगळीकडून मऊ मऊ, डोकं पाठ एकाच तपकिरीचं, गळा छातीपेक्षा फिकट, सायीत थोडी हळद पडल्यासारखा.

पावसात आलात तर ब्लू-थ्रोटेडचा विषयच नाही, तो तेव्हा हिमालयात. जूनमध्ये आंबोलीत जळवा काढत काढत दिसलेली बिननिळी मादी म्हणजे व्हाइट-बेलीडच समजा.

---

बंगळूरकर_मूळचा_सदाशिवी

जळवांवरून आठवलं, आम्ही दरवर्षी कोडगूला जातो, तिथे अजून एक जोडी आहे. नीलांग म्हणजे व्हर्डिटर, आणि निलगिरी फ्लायकॅचर. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही कारण निलगिरीवाला इतक्या वर येत नाही, म्हणून तिकडची माणसं इकडे येऊन प्रत्येक निळ्याला नीलांग म्हणतात (मीही म्हणायचो). नीलांगचा निळा हा हिरव्याकडे झुकणारा, मोरचुदाच्या पाण्यासारखा, चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळा ठिपका, आणि उंच वाळक्या शेंड्यावर सगळ्यांना दिसेल असा बसणार. निलगिरी गडद, जांभळ्याकडे झुकणारा, शेपटीच्या मुळाशी पांढरं, पण ते शेपटी पसरल्याशिवाय दिसत नाही आणि पसरतो तेव्हा आपण नेमके चष्मा पुसत असतो.

---

कॅमेरावाला_भाऊ

एवढा काथ्याकूट कशाला. मोबाईलवर ब्लू-थ्रोटेडचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, लावायचा, दोन मिनिटांत समोर येऊन बसतो, पाय चोच शेपटी सगळं बघा निवांत. मी गेल्या वर्षी असेच सगळे फ्लायकॅचर एका दिवसात केले.

---

घाटमाथा_९

भाऊ, "केले" म्हणजे काय, भाजी केली तसे? कॉल लावला की त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा घुसलाय, खाणं सोडून तो भांडायला येतो. सिंहगड व्हॅलीत रविवारी पन्नास जण येतात, पन्नास जणांनी पन्नास वेळा कॉल लावला तर त्याने खायचं कधी? आणि हिमालयापासून उडून आलेला असतो तो.

---

कॅमेरावाला_भाऊ

पाण्याच्या हाइडवर (पाणवठ्यावरच्या लपणात) लोक पैसे भरून बसतात ते चालतं वाटतं.

---

जुनी_दुर्बीण

तो वेगळा वाद आहे आणि तुमच्या म्हणण्यात तथ्य पण आहे, वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. पण कर्नाटकात गणेशगुडीला पाण्यावर बसून मी जे शिकलो ते सांगतो, तिथे पक्षी स्वतःहून येतो आणि एकाच ओंडक्यावर पाठोपाठ व्हाइट-बेलीडची मादी आणि टिकेलची मादी येऊन बसते, त्याच उजेडात, त्याच अंतरावर. असं एकदा शेजारी शेजारी बघितलं की मग पुन्हा गोंधळ होत नाही. कॉल लावून हे मिळत नाही, येतो तो खवळलेला असतो, पिसं फुगवलेली, रंग पण वेगळे वाटतात.

---

रणातला_मराठी

नोकरीपायी भुजला आहे, त्यामुळे तुमचे ओले घाट वाचून फक्त जळतो. पण तपकिरींच्या यादीत आमचा एक राहिला. स्पॉटेड फ्लायकॅचर. सप्टेंबरात कच्छमधून आफ्रिकेकडे जाताना थांबतो, बाभळीवर तारेवर कुठेही, ऊन असो नसो. कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा, चोच काळी, पाय काळे, पंख लांब, आणि अंगाने सरळ ताठ बसणार, शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलासारखा. डोळ्याभोवतीचं कडं अगदी पुसट. महाराष्ट्रात कमी दिसतो पण सप्टेंबर-ऑक्टोबरात उघड्या माळावर तपकिरी माशीमार दिसला आणि छातीवर रेघा असल्या तर एशियन ब्राऊन लिहायच्या आधी थांबा. फक्त एक घोळ आहे, कुठल्याही तपकिरी माशीमाराचं छाती भिजलेलं पिसारलेलं बाळ पण रेघारेघांचं वाटू शकतं, म्हणून कपाळ बघा.

---

आयएसओ_६४००

आणि रस्टी-टेल्ड. तोही ह्याच दिवसांत आपल्या घाटावरून खाली गोवा-कर्नाटक-केरळकडे जातो. शेपटी आणि कंबर वीटेसारखी तांबडी, चेहरा एकदम कोरा, मिशी नाही पट्टा नाही. भिजकी_वही, तुमचा फोटो ३ पाठमोरा आहे ना? शेपटी किती तांबूस आहे? मला स्क्रीनवर नीट कळत नाहीये.

---

चिमणी_ओळखते_फक्त

निळ्या गळ्याचा, निळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा... ते स्वर्गीय नर्तक आणि नाचण पण फ्लायकॅचरच ना? यादीत घाला की.

---

घाटमाथा_९

नावात फ्लायकॅचर असून स्वर्गीय नर्तकाचं कुळ वेगळं आहे, नाचणाचं अजून वेगळं. आणि तो राखी डोक्याचा पिवळाधम्मक पोटाचा, नावात फ्लायकॅचर पण घराणं तिसरंच. माशी सगळेच पकडतात. पण विषय निघालाच आहे तर, स्वर्गीय नर्तकाच्या कुळातला एक मात्र इथे गोंधळ घालतो. नीलमणी, म्हणजे ब्लॅक-नेप्ड मोनार्क. वरून निळा, पोट पांढरं, आणि लांबून लोक त्याला व्हाइट-बेलीड ब्लू म्हणून नोंदवतात. मानेमागे काळा ठिपका आणि गळ्यावर काळी बारीक माळ दिसली की तो नीलमणी. शिवाय तो स्वस्थ बसत नाही, खरा माशीमार बसतो, बघतो, मग उडतो.

---

भिजकी_वही

अपडेट!!!

काल रात्री हा धागा नवऱ्याला वाचून दाखवत होते तर तो शांतपणे म्हणाला, "त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे." मी अकरा फोटो काढत होते तेव्हा ह्या माणसाने माझ्याच दुर्बिणीला मोबाईल लावून नऊ सेकंदांचा व्हिडिओ काढलाय! आणि तीन दिवस बोलला नाही कारण मी विचारलं नाही!!

व्हिडिओ हलतोय, मध्ये त्याचा अंगठा आहे, पण सहाव्या सेकंदाला पक्षी वळतो. फ्रेम काढून खाली टाकल्यात. फ्रेम २ मध्ये वरची चोच आणि पाय दोन्ही आहेत. चोच काळपट. पाय पिवळट, उकडलेल्या शेंगेच्या सालासारखे. खालची चोच जवळजवळ टोकापर्यंत पिवळी. फ्रेम ४ मध्ये ती मिशीची रेघ मला दिसतेय, पण मला आता सगळीकडेच मिश्या दिसायला लागल्यात त्यामुळे तुम्ही सांगा.

---

आयएसओ_६४००

मिशी आहे. छातीचा पट्टा आहे. पांढरा गळा आहे. ब्राऊन-ब्रेस्टेड. माझे ९० टक्के बुडाले, तुमच्या मिस्टरांना माझ्यातर्फे एक कटिंग.

---

जुनी_दुर्बीण

अभिनंदन! सुंदर नोंद. रस्टी-टेल्ड पण नाही, त्याला हा पट्टा आणि मिशी नसते.

हा पक्षी ईशान्य भारत आणि चीनकडे घरटी करतो आणि हिवाळ्याला अख्खा देश तिरका ओलांडून नैऋत्येला आणि श्रीलंकेत येतो. त्याच्या शास्त्रीय नावात मुत्तुई आहे. श्रीलंकेत लेयार्ड नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याला हा पक्षी आणून दिला त्याच्या पदरी असलेल्या मुत्तू नावाच्या नोकराने, आणि १८५४ मध्ये नाव ठेवताना लेयार्डने त्याचं नाव ठेवलं. आपल्या बऱ्याच पक्ष्यांना साहेबांची आणि मडमांची नावं आहेत, हा एक आणून देणाऱ्याच्या नावाचा.

---

भिजकी_वही

हे नवऱ्याला वाचून दाखवल्यावर तो म्हणतोय की व्हिडिओ मी काढला तेव्हा ह्याला माझं नाव का नाही.

ईबर्डची यादी दुरुस्त केली, टिकेल काढून ब्लू-थ्रोटेड, एशियन ब्राऊन काढून ब्राऊन-ब्रेस्टेड, दोन्ही लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले! मेल करणाऱ्यांना आभार पाठवले. फक्त एक, फोटो ३ मधला पाठमोरा. तो मी त्याच वेलीवर काढलाय पण वेळ बघितली तर बाकीच्यांनंतर सात मिनिटांनी. पंखांच्या कडा अजिबात तांबूस नाहीत. हा दुसराच आहे का?

---

जुनी_दुर्बीण

शक्य आहे. पंख राखट आहेत, एशियन ब्राऊन असू शकतो. पाठीवरून मी सांगणार नाही.

---

भिजकी_वही

"माशीमार, जात माहीत नाही" असा पर्याय सापडला, तो टाकला.

---

संत्री_मोसंबी

शनिवारचा रिपोर्ट. गोरेवाड्याला चार दिसले. दोघांचं बूड काळं, चोच काळी, आवाज किरकिर, तैगा. एक रेड-ब्रेस्टेड, पिवळट, सायकलवाला. चौथा अर्धा तास माझ्याकडे तोंड करून बसला, शेपटी झाडाच्या खोडाला लावून, आवाज नाही काही नाही. मी पोहे खायला गेलो.